दोनशे चौदा नंबरचं दार

आमच्या गावात "घरपट्टीवाली बाई आली" अशी हाळी उठली की निम्म्या घरांना आतून कडी लागायची आणि उरलेल्या निम्म्यांत चुलीवर चहा चढायचा. चहावाल्यांकडे थकबाकी जास्त असायची. हे कळायला मला दोन मार्च लागले. नगरपरिषदेच्या कर विभागात नोकरी वर्षांत मोजत नाहीत, मार्चात मोजतात. त्या हिशेबानं मी सत्तावीस मार्च काढले. त्यांतली बरीच वर्षं बिलं फाडण्यात गेली, ती तुम्हाला सांगून तुमचा फराळ बेचव करत नाही. एका दाराची गोष्ट मात्र सांगते. तिच्यात थोडी फुशारकी आहे आणि ती मी लपवणार नाही, कारण त्याच गोष्टीत मी तोंडावर आपटलेलीही आहे.

गावाचं नाव विचारू नका. नागभीडच्या जंक्शनवरून बसनं निघालं की धानाच्या बांध्या लागतात, मग जंगल, मग पुन्हा बांध्या, आणि मग एखादं गाव येतं. त्यातलंच एक समजा.

माझा नवरा नगरपरिषदेत पंप चालवायचा. तो अचानक गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं. पंपावर बाई कशी ठेवायची म्हणून कर विभागात बसवलं. तिथं टेबलाशीच राहिले असते, पण कायद्यात एक कलम निघालं: जप्तीला गेलेल्या माणसानं बायकांच्या खोलीत आगाऊ सूचना दिल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. थकबाकीदारांना हे कलम तोंडपाठ. जप्तीचं पथक दिसलं की रेडिओ, सायकल, शिलाई मशीन सगळं बायकांच्या खोलीत. शेवटी मुख्याधिकारी साहेब म्हणाले, "मेश्राम बाईंनाच पाठवा." मी आत जायची, पाणी मागायची आणि पाणी पिता पिता सायकलीचा नंबर लिहून घ्यायची.

ज्यांना हा उद्योग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. घरपट्टी थकली म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी घर विकत नाही. आधी बिल जातं. मग नोटीस. मग जप्तीचं वॉरंट, आणि त्यातही पहिल्यांदा उचलता येण्यासारख्या वस्तू. स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र यांना हात लावायचा नाही. एकदा आम्ही एकाची म्हैस जप्त केली. ती नगरपरिषदेच्या आवारात बांधली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रश्न पडला की दूध कुणाचं. मालक म्हणे म्हैस जप्त झाली, दूध नाही. साहेबांनी फाईल जिल्ह्याला पाठवली. उत्तर येईपर्यंत अख्ख्या कार्यालयानं घट्ट चहा प्यायला, आणि वैरणीचा खर्च थकबाकीच्या वर गेला तेव्हा म्हैस सन्मानानं परत केली.

उचलण्यासारखं काहीच नसलं की घरावर किंवा जागेवर टाच येते. तरी पैसे आले नाहीत तर जाहीर लिलाव. गावात दवंडी फिरते, जाहीरनामा त्या जागेवर चिकटतो. ज्या रकमेच्या खाली विकायचं नाही ती हातची किंमत ठरते. बोली बोलणाऱ्यानं आधी अनामत भरायची. आणि मग जागेवर उभं राहून एक बार, दोन बार, तीन बार. तिसरा बार पडायच्या आत मालकानं सगळी बाकी भरली तर लिलाव तिथंच थांबतो. बार म्हणायचं काम माझ्याकडे आलं, कारण साहेबांचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत पोचत नसे आणि माझा बसस्टँडपर्यंत जाई.

दवंडी कवडू द्यायचा. कवडू आमचा शिपाई. त्याला अक्षरं ओळखू येत नसत, आकडे मात्र चोख. दारावरच्या पत्र्याच्या पाटीवरचा आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळवायचा आणि नोटीस चिकटवायची, इतकं त्याचं काम. त्यात तो कधी चुकला नाही. पुढे जे झालं तेही तो चुकला नाही म्हणूनच झालं.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हाची गोष्ट. थकबाकीच्या यादीत घर नंबर तीनशे अठ्ठ्याऐंशी होतं. मालक म्हणून एका म्हातारीचं नाव, ती केव्हाच वारलेली. नऊ वर्षांची पट्टी थकलेली. नोटिसा गेल्या होत्या, प्रत्येकीवर कवडूच्या अंगठ्यासह शेरा होता: "दारावर डकवली." कुणी फिरकलं नाही. लिलाव लागला.

दवंडी पिटली त्याच दिवशी दुपारी शेख बशीर काऊंटरवर आले. बशीरभाई पिंजारी. गावातली कुठलीही चांगली गादी उसवली तर आत त्यांनी पिंजलेला कापूस निघेल. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. हातात प्लास्टिकची पिशवी.

"बाई, मी त दरसाल भरून राह्यलो ना जी. आन् कवडू म्हणते का माह्या घराचा लिलाव हाय. हे पाहा."

पिशवीतून नऊ पावत्या निघाल्या. नऊही माझ्याच हातच्या. पण सगळ्या घर नंबर दोनशे चौदाच्या.

"बशीरभाई, या दोनशे चौदाच्या आहेत. लिलाव तीनशे अठ्ठ्याऐंशीचा आहे."

"मले नंबर नाई समजत. माह्यं एकच घर हाय."

हे वाक्य मी त्या खिडकीतून इतक्यांदा ऐकलं होतं की कानाला त्याचा घट्टा पडला होता. रजिस्टर उघडलं. दोनशे चौदासमोर शेख बशीर, स्पष्ट. मी म्हटलं, "दोन घरं असणं काही गुन्हा नाही हो. पट्टी दोन्हीची भरावी लागते, एवढंच." मागच्या टेबलांवरचे सगळे हसले. मीही हसले. बशीरभाईंनी पावत्या एकेक करून पिशवीत ठेवल्या आणि गेले. ते घर आमच्या कार्यालयापासून दोनशे पावलांवर होतं. मी उठून बघून आले नाही. आजही कुणाची पावती हातात घेतली की आधी ते हसू आठवतं आणि माझीच मला लाज वाटते.

लिलावाच्या दिवशी बशीरभाईंच्या घरासमोर गल्ली भरली होती. आमच्याकडे एक रीत आहे. ज्याच्या घरचं पाणी प्यालो त्याच्या घरावर बोली बोलायची नाही. कायद्यात ती कुठं लिहिलेली नाही, पण तिच्यामुळे आमचे कितीतरी लिलाव बोलीवाचून पडले. म्हणून गल्लीतले सगळे गप्प उभे होते. अनामत भरलेला माणूस एकच, तोही बाहेरगावचा: घनश्यामशेठचा साळा. घनश्यामशेठ म्हणजे गावातले धानाचे मोठे व्यापारी. बशीरभाईंच्या घराला पाठ लावून, पलीकडच्या रस्त्यावर तोंड केलेलं त्यांचं गोदाम. हे घर मिळालं की गोदामाला दोन्ही बाजूंनी ट्रक लागणार होता. साळ्याला पुढे करून शेठ स्वतः लांब उभे राहून खर्रा चघळत होते. रीतही मोडायची नाही आणि घरही सोडायचं नाही.

मी जाहीरनामा वाचला. साळ्यानं हातच्या किमतीवर वीस रुपये चढवले.

"एक बार," मी म्हटलं. कुणी बोललं नाही.

"दोन बार."

बशीरभाई ओट्यावर पिंजणीला हात लावून बसले होते. आत दाराशी त्यांची बायको नूरबी उभी होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत शिवी नव्हती, शिवी असती तर बरं झालं असतं. मग तिनं सगळ्या गर्दीच्या तोंडावर दार धाडकन लावून घेतलं.

ते दार मी पहिल्यांदा बंद झालेलं पाहिलं. उघडं असलं की ते आत भिंतीला टेकत असे. जुनं सागवानी दार, दोन फळ्यांचं, तेलपाण्यानं काळं झालेलं. आणि त्याच्या डाव्या फळीवर, चार खिळ्यांत, नगरपरिषदेची पत्र्याची पाटी: २१४.

माझ्या तोंडात "तीन" आलेलं होतं. ते मी गिळलं.

"बाई, बोला ना," साळा म्हणाला.

"थांबा जरा," मी म्हटलं. "बशीरभाई, हे दार कुठलं?"

"माह्यंच हाय जी. माह्या बापानं केल्लं."

"आधीपासून या घराला होतं?"

"नाई. आधी आमी तिकडं होतो ना, रस्त्याकडं." त्यांनी घरामागं हात केला. "ते जागा इकली पोरीच्या लग्नात. मंग हे म्हातारीचं घर घेतलं. दार संगं आणलं. सागवानाचं दार कोणी सोडते का?"

गल्लीतल्या एकालाही यात काही नवल वाटलं नाही. आमच्या मुलखात वाटणारही नाही. घर मातीचं, ते पडतं, विकलं जातं. सागवानी दार मात्र खानदानाचं असतं. माणूस घर बदलतो तेव्हा चौकटीसकट दार उपटून बैलबंडीत घालतो आणि नव्या घराला बसवतो. आम्ही शहाण्यांनी मात्र घराचा नंबर दारावर ठोकला होता. दार निघालं तेव्हा नंबरही बंडीत बसून निघाला. दर मार्चला आमचा माणूस पाटी बघून दोनशे चौदाचं बिल बशीरभाईंच्या हातात देत होता, आणि ते बिचारे विकून टाकलेल्या जागेची पट्टी भरत होते.

"कवडू," मी विचारलं, "तीनशे अठ्ठ्याऐंशीच्या नोटिसा तू कुठं चिकटवल्या?"

"दाराले, बाई. चला, दाखवतो."

तो आम्हाला घराच्या बाजूनं मागं घेऊन गेला. म्हातारीचं जुनं फळकुटाचं दार बशीरभाईंनी फेकून दिलं नव्हतं. ते आडवं टाकून बकऱ्यांच्या खोपड्याला कूड केला होता. त्यावर पाटी होती: ३८८. पाटीखाली खळीचे डाग, आणि कागदाचा एक कोपरा, चावलेला.

"मी त बराबर दारालेच लावल्या," कवडू म्हणाला. "बकऱ्यायनं खाल्ल्या त मी काय करू?"

गल्ली एवढी हसली की खोपड्यातली बकरी बिचकली. मला हसू आलं नाही. मला दुसराच प्रश्न पडला होता. पाटी इथं आली, तर दोनशे चौदा नंबरची जागा कुठं आहे? मी मान वर केली. बकऱ्यांच्या खोपड्याच्या वर गोदामाची पक्की भिंत उभी होती. माझ्यामागोमाग सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. ज्या गोदामाला पाटीच नाही त्याला बिल जाणार कसं? जागा घेऊन नऊ वर्षं झाली, नावावर चढवली नव्हती, पट्टीचा एक पैसा भरला नव्हता, आणि आपल्या जागेची पट्टी मागच्या घरातला पिंजारी भरतो आहे हे शेठना पक्कं ठाऊक होतं. नाहीतर माना वळताच कुठलं तरी तातडीचं काम आठवून ते गल्लीतून सटकले नसते.

"लिलाव रद्द," मी म्हटलं. माझा आवाज त्या दिवशी बसस्टँडच्याही पुढे गेला असावा.

पुढचे काही महिने मी कागदांवर घालवले. आधी माझी चूक निस्तरली. बशीरभाईंच्या नऊही पावत्यांवर माझ्या हातानं दुरुस्ती लिहिली, सही केली, आणि तीनशे अठ्ठ्याऐंशी त्यांच्या नावावर चढवून खातं कोरं केलं. चौकशी न करता नागरिकाला परत पाठवलं म्हणून मला लेखी ठपका मिळाला. तो मीच मागून घेतला होता असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर साहेब विसरून जायला तयार होते, मी आठवण करून दिली.

मग गोदामाचं मोजमाप केलं आणि मागची जितकी पट्टी लावता येते तितकी लावून बिल धाडलं. बिल परत आलं. नोटीस परत आली. वॉरंट घेऊन गेले तर आतलं धानाचं एकूणएक पोतं दुसऱ्याच्या नावावर निघालं. साहेबांना कुणाकुणाचे फोन येऊ लागले. साहेब मला म्हणाले, "बाई, जरा सबुरीनं घ्या." मी म्हटलं, "घेते साहेब. सबुरीनं घ्या, असं फाईलवर लिहून द्या." त्यांनी पेन उचललं, ठेवलं आणि लिलावाच्या आदेशावर सही केली. चांगला माणूस होता, फक्त त्याला ढकलावं लागायचं.

शेठ निर्धास्त होते. त्यांचा हिशेब सोपा होता. निम्मं गाव त्यांच्याकडे धान विकायचं. त्यांच्यावर बोली बोलणार कोण? बोली नाही म्हणजे लिलाव पडला. लिलाव पडला की फाईल पुन्हा पहिल्या पायरीवर, आणि तोवर मेश्राम बाईंची बदली कचऱ्याच्या विभागात करणं काही अवघड नव्हतं.

लिलावाच्या आदल्या दिवशी बशीरभाई काऊंटरवर आले.

"बाई, एक पुसू का? बोली कोनी बी बोलू शकते?"

"कुणीही. अनामत भरली की झालं."

"पिंजारी बी?"

"कायद्यात पिंजाऱ्याला बंदी केल्याचं माझ्या वाचनात नाही."

ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी लिलावाची वेळ व्हायच्या आधी त्यांनी अनामत भरली. पावती मी फाडली. नंबर दोनदा तपासून घेतला.

गोदामासमोर शेठ खुर्ची टाकून बसले होते. कवडूनं ढोल वाजवला. मी जाहीरनामा वाचला, हातची किंमत सांगितली आणि गर्दीकडे पाहिलं. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. शेठनी खर्र्याची पुडी शांतपणे उघडली.

"आहे कुणाची बोली?"

"हाय," मागून आवाज आला. बशीरभाई पावती हातात धरून पुढे आले. "हातच्या किमतीवर वीस रुपये."

वीस रुपये. साळ्यानं त्यांच्या घरावर चढवले होते तेवढेच.

शेठ मोठ्यानं हसले. "बशीर, येवढे पैसे आणशीन कुठून बे?"

"नऊ साल तुमच्या जागेची पट्टी कुठून भरली जी?" बशीरभाई म्हणाले. "तिथूनच आणीन."

आधी एकजण हसला, मग दुसरा, मग सगळी गर्दी. त्या गावात शेठवर तोंडासमोर हसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"एक बार," मी म्हटलं.

"काऊन हो बाई, मजाक लावला का?" शेठ उठले. "याची ऐपत तरी पाहा!"

"अनामत भरलीय. ऐपत बघायचं कलम नाही. दोन बार."

कवडूनं ढोलावर टिपरी उगारली. मी श्वास घेतला, आणि त्या श्वासाला मुद्दाम वेळ लावला. शेठचा हात वर गेला.

"थांबा! भरतो. सगळे भरतो."

गोदामातूनच नोटांचं पुडकं आलं. मी तिथंच टेबल मागवून पावती फाडली. थकबाकी, दंड, नोटिसांचा खर्च. शेवटी म्हटलं, "आणि दवंडीचा खर्च राहिला, शेठ." तोही त्यांनी भरला. लिलाव थांबल्यावर ढोल वाजवावा असं कुठल्याही नियमात नाही, पण कवडूनं वाजवला, आणि बसस्टँडपर्यंत वाजवत गेला. त्या दिवशी मला नवऱ्याची आठवण आली. वाटलं, पंप चालवणाऱ्याच्या बायकोनं आज बरा फवारा उडवला.

अनामत परत घ्यायला बशीरभाई आले तेव्हा मी विचारलं, "शेठ उठले नसते तर हो? बोली तुमच्या गळ्यात पडली असती. अनामत गेली असती."

"उठलाच असता जी. नऊ साल ज्यानं तोंड नाई उघडलं, त्याले ते गोदाम किती प्यारं असन?"

"आणि अनामतीचे पैसे कुठून आणले?"

ते जरा घुटमळले. "दार गहाण ठेवलं. सुताराकडं."

ज्या दारानं त्यांचं घर वाचवलं ते दार त्यांनी डावावर लावलं होतं. मी पैसे मोजून दिले आणि म्हटलं, "आधी सुताराकडे जा. मग घरी."

दुसऱ्या दिवशी मी आणि कवडू नवी पाटी घेऊन त्यांच्या घरी गेलो. दार परत चौकटीत बसलेलं होतं. दोनशे चौदाची पाटी काढल्यावर उरलेल्या चार खिळ्यांच्या भोकांत नूरबीनं मेण भरलं होतं. कवडूनं सवयीनं नवी पाटी दारावर धरली आणि हातोडी उचलली.

"थांब रे भाऊ," नूरबी म्हणाली. "दाराले नोको ठोकू. आमी उद्या कुठी गेलो त दार आमच्या संगं येईन. नंबर इथंच राहू दे, घरापाशी." आणि तिनं चौकटीच्या बाजूची भिंत तळहातानं थोपटली.

सत्तावीस मार्चांत इतका शहाणा प्रस्ताव माझ्या कार्यालयात कुणी मांडला नाही. मी तो तसाच्या तसा लिहून साहेबांपुढे ठेवला आणि त्यांनी, या वेळी न ढकलता, मंजूर केला. आज तुम्ही आमच्या गावात आलात तर पाहा. एकाही दारावर नंबर सापडणार नाही. सगळे भिंतींवर आहेत, आणि पहिला खिळा मी स्वतः ठोकलेला आहे.